कायरोप्रॅक्टरकडे पहिल्यांदाच जातेय, आधी काय माहीत असायला हवं?

सदाफुली_एनजे

नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत एडिसनला राहते, आयटीतलं काम, म्हणजे सकाळी खुर्चीत बसलं की एकदम जेवायलाच उठायचं. दिवाळीत फराळाचे डबे आणि कंदिलाचा खोका गराजमधून वर आणताना कमरेत डावीकडे कळ आली ती अजून पूर्ण गेली नाहीये. खुर्चीतून उठताना चमक येते, जरा चाललं की बरं वाटतं, पायात मुंग्या किंवा बधिरपणा काही नाही. पीसीपीला, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरला दाखवलं, तिने वाकायला लावलं, पाय उचलून बघितला, म्हणाली स्नायूचंच आहे, घाबरू नको, आणि फिजिकल थेरपीचा, म्हणजे आपल्या फिजिओचा, रेफरल दिला. पण थेरपीवाल्यांची तारीख मिळालीय थेट पुढच्या महिन्यातली.

आता ऑफिसातली मैत्रीण मागे लागलीय की कायरोकडे, म्हणजे हाताने मणके-सांधे मोकळे करतात त्या कायरोप्रॅक्टरकडे जा, एका झटक्यात मोकळं होतं. घराजवळ ग्रोसरीच्या शेजारी एक आहे, बाहेर बोर्ड लावलाय, पहिली व्हिजिट ४९ डॉलर, त्यात तपासणी, एक्सरे, अॅडजस्टमेंट (म्हणजे तो मणक्याला द्यायचा झटका) सगळं. नवरा म्हणतो ते डॉक्टर नसतातच. आईला नाशिकला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली उसण भरलीय, एखादा पायाळू माणूस बघ आणि कमरेला पाय लावून घे, त्याला काय पैसे पडतात! आता एडिसनमध्ये पायाळू माणूस कुठे शोधू, फेसबुक ग्रुपवर पोस्ट टाकू का 😄

तर प्रश्न असे की हे लोक खरे डॉक्टर असतात का, ते कड्कन वाजतं तेव्हा आत नक्की काय होतं, एक्सरे काढायलाच लागतो का, इन्शुरन्स देतं का, आणि मान मोडू द्यावी का नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.


जर्सीचाजुना

सदाफुली, नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत कायरोप्रॅक्टर म्हणजे डीसी, डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक. साधारण चार वर्षांचा वेगळा कोर्स, नॅशनल बोर्डाच्या परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. पन्नासही राज्यांत लायसन्स लागतं. पण ते एमडी नाहीत, सर्जरी करत नाहीत आणि आपल्याकडे जर्सीत औषधं लिहून देत नाहीत. जर्सीचं वेगळं बोर्ड आहे, स्टेट बोर्ड ऑफ कायरोप्रॅक्टिक एक्झामिनर्स, राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्सच्या साइटवर नाव टाकलंस की लायसन्स चालू आहे का ते दिसतं. ते आधी बघ, गुगलवरचे तारे नंतर.

पहिल्या व्हिजिटला काय होतं ते सांगतो कारण मी बराच काळ जातोय, आमच्या इकडचा माणूस चांगला आहे. आधी ढीगभर फॉर्म. त्यात सगळं खरं लिहायचं, औषधं, जुनी ऑपरेशन्स, पडझड, ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं), कॅन्सर झालेला असला तर तो, प्रेग्नन्सी, काही म्हणजे काही लपवायचं नाही, आपल्या लोकांना सवय असते की कमरेचं विचारतायत तर बीपीच्या गोळ्या कशाला सांगू. मग तो प्रश्न विचारतो, हातोडीने गुडघ्याचे रिफ्लेक्स बघतो, पायात जोर किती आहे ते बघतो, उताणं झोपवून पाय सरळ उचलतो. मग काय करणार, का करणार, धोका काय, हे तोंडाने सांगून संमतीच्या कागदावर सही घेतो. हे सगळं न करता थेट टेबलवर झोपवलं तर चपला घालून बाहेर पडायचं.

आता ते ४९ डॉलर. ती नुसती दारात पाऊल ठेवायची किंमत आहे. खरा व्यवहार दुसऱ्या व्हिजिटला होतो, त्याला हे लोक रिपोर्ट ऑफ फाइंडिंग्ज म्हणतात. मोठ्या स्क्रीनवर तुझा एक्सरे लावतात, त्यावर लाल रेघा मारलेल्या, मणक्याचा कर्व्ह गेलाय, हे असंच राहिलं तर पन्नाशीत वाकशील वगैरे, आणि मग टेबलवर येतो प्लॅन, आठवड्यातून तीनदा, मग दोनदा, वर्षभर, आणि आज सगळे पैसे भरले तर इतकी सूट. सगळेच असं करत नाहीत, पण जो करतो त्याच्याकडे सही करायची नाही. आगाऊ पैसे भरून बसलं की बरं वाटलं तरी जात राहतो आपण आणि नाही वाटलं तरी जात राहतो.

इन्शुरन्सचं असं आहे की बहुतेक एम्प्लॉयर प्लॅन थोडंफार देतात, पण वर्षाला व्हिजिट्सची मर्यादा असते आणि डेडक्टिबल, म्हणजे वर्षाला आधी आपण भरायची ठरलेली रक्कम, संपेपर्यंत बिल आपलंच. क्लिनिकला फोन करून बिलात लावायचे कोड विचार, ९८९४० म्हणजे कण्याचे एक-दोन भाग, ९८९४१ म्हणजे तीन-चार भाग, आणि पहिल्या दिवसाची तपासणी वेगळी लावतात. कोड हातात असले की इन्शुरन्सवाले फोनवर नीट आकडा सांगतात, नाहीतर नुसतं इट डिपेंड्स. एचएसएचं, म्हणजे आरोग्यखर्चासाठी टॅक्स न लागता बाजूला ठेवलेल्या पैशांचं, कार्ड चालतं. इन्शुरन्स न वापरता रोख देणार असशील तर गुड फेथ एस्टिमेट, म्हणजे खर्चाचा लेखी अंदाज, आधी माग, २०२२ पासून द्यावंच लागतं. मी आता मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी इन्शुरन्सवर आहे, तर मेडिकेअर फक्त हाताने केलेल्या कण्याच्या अॅडजस्टमेंटचे पैसे देतं, कायरोने काढलेल्या एक्सरेचे नाही, मसाजचे नाही, आणि नुसतं मेंटेनन्स म्हणून गेलात तर तेही नाही. सरकारलासुद्धा कळतं कुठे थांबायचं.


डॅलसचा_दिन्या

मी फॅन आहे, आधीच सांगतो, नंतर शिव्या घाला. ड्रायव्हिंग खूप असतं, कंबर आखडते, गेलो की चार दिवस मस्त जातात.

ताई, पहिल्यांदा जाताना घाबरायला होतं ते आवाजाला. कमरेसाठी बहुतेक वेळा कुशीवर वळवतात, वरचा पाय दुमडून घेतात, खांदा एका हाताने धरतात आणि कमरेवर छोटा पण जलद झटका. दुखत नाही फारसं, दचकायला होतं. श्वास रोखून अंग ताठ केलंत तर नीट होत नाही, सैल सोडा. काही जणांकडे ड्रॉप टेबल असतं, त्यात टेबलचाच एक भाग इंचभर खाली पडतो, तो खटॅक आवाज टेबलचा, तुमच्या हाडाचा नाही, माझी बायको त्यालाच घाबरून ओरडली होती. आणि अॅक्टिव्हेटर म्हणून एक हातात धरायचं स्प्रिंगचं यंत्र असतं, टक टक करतं, त्यात मोडामोडी काहीच नाही. फ्लेक्शन डिस्ट्रॅक्शनमध्ये पालथं झोपवून टेबलच हळूहळू वाकवतात. तुम्ही सरळ सांगू शकता की मला झटका नकोय, दुसरं काय आहे. चांगला माणूस चिडत नाही.

दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, पहिल्यांदा जिमला गेल्यावर दुखतं ना तसं. एक-दोन दिवसांत जातं. सैल कपडे घाला, भरपेट जेवून जाऊ नका, बास.


शंकासुर

चार दिवस मस्त जातात आणि पाचव्या दिवशी परत जातोस, याला इलाज म्हणत नाहीत दिन्या, याला सबस्क्रिप्शन म्हणतात.

सदाफुली, ज्याच्याकडे जायचं त्याची कुंडली माहीत असलेली बरी म्हणून लिहितो. १८९५ साली आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर नावाचा गृहस्थ चुंबकीय उपचार करायचा, म्हणजे हात फिरवून बरं करणं. त्याच्या बिल्डिंगमध्ये झाडलोट करणारा हार्वी लिलार्ड हा बहिरा होता, पामरने त्याचा मणका दाबला आणि म्हणे त्याला ऐकू यायला लागलं. कानाची नस मणक्यातून जात नाही, ती कवटीतूनच मेंदूला जाते, पण जाऊ दे. त्यावरून पामरने सिद्धांत काढला की बहुतेक सगळे रोग मणके किंचित सरकल्याने होतात, त्याला तो सबलक्सेशन म्हणाला. १९०६ मध्ये विनापरवाना डॉक्टरकी केली म्हणून तुरुंगातही गेला. पुढे त्याच्या पोराने, बी. जे. पामरने, त्याचं मोठं साम्राज्य केलं.

आता आजचे सगळे कायरो असं मानत नाहीत हे मान्य. त्यांच्यात दोन घराणी आहेत म्हण, एक जुन्या सिद्धांताला चिकटून बसलेलं आणि दुसरं पाठदुखी-मानदुखीपुरतं बोलणारं. पहिल्या घराण्यातला कसा ओळखायचा? तो कमरेचं विचारता विचारता तुझ्या अॅलर्जीवर, पित्तावर, मुलाच्या कानदुखीवर येतो. वेटिंग रूममध्ये एक तक्ता असतो, प्रत्येक मणक्यापासून रेघ आणि रेघेच्या टोकाला एकेक आजार. तो तक्ता दिसला की समज. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांचं नियमन करणाऱ्या त्यांच्याच कौन्सिलने २०१० मध्ये लिहून दिलं की सबलक्सेशन रोगाचं कारण असतं याला क्लिनिकल संशोधनाचा आधार नाही. त्याच वर्षी तिथल्या संघटनेने सायमन सिंग या विज्ञान लेखकावरचा अब्रुनुकसानीचा दावा मागे घेतला. त्याने लिहिलं होतं की बाळांचा पोटशूळ, दमा, कानाचं इन्फेक्शन याच्यावर कायरोप्रॅक्टिकच्या दाव्यांना काडीचा पुरावा नाही.

आणि लहान बाळाला तर मुळीच नेऊ नका. आमच्या ओळखीत एका जोडप्याला सांगितलं होतं की जन्मताना मानेला ताण आलाय, अॅडजस्ट करून घ्या. बाळ रडतं कारण ते बाळ आहे!


डॅलसचा_दिन्या

शंकासुरा, इतिहास सांगायचा तर पुरा सांग ना. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने यांच्यावर बहिष्कार टाकला होता, डॉक्टरांनी कायरोशी संबंध ठेवायचा नाही असा, आणि त्याविरुद्ध विल्क आणि बाकीच्या कायरोंनी १९७६ मध्ये केस टाकली, १९८७ मध्ये फेडरल कोर्टाने असोसिएशनच्या विरोधात निकाल दिला. म्हणजे पांढऱ्या कोटवालेही काही संत नव्हते.


शंकासुर

केस स्पर्धा दाबल्याची होती, मणका सरकतो का नाही याची नव्हती. बाकी निकाल झाला ते बरोबर.


पीटी_कोथरूड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात प्रॅक्टिस, मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने करायचे उपचार, हेच रोजचं काम, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं थोडं चिडवणार आहे 🙂

आवाजाचं आधी. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं, त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा झटकन ओढला गेला की आतला दाब एकदम कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते, तो कडक आवाज. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात बोटाच्या सांध्यावर चालू एमआरआयमध्ये हे बघितलंय, २०१५ मध्ये आलं ते. म्हणजे बोटं मोडतो तेच. हाड जागेवर बसलं, डिस्क आत गेली, नस मोकळी झाली, यातलं काहीच त्या आवाजात नसतं. आवाज आला नाही म्हणजे उपचार फुकट गेला असंही नाही. पेशंटला मात्र आवाज ऐकल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही हे मी रोज बघते.

मग बरं का वाटतं? झटक्याने स्नायूंचा आकस थोडा वेळ सैलावतो, दुखण्याचे संदेश थोडे दबतात, हालचाल सुटते. ही खिडकी काही तासांची किंवा दिवसांची असते आणि त्या खिडकीत व्यायाम केला तर उपयोग, नाहीतर दिन्यांसारखं परत जा.

कमरेच्या दुखण्यावर याचा फायदा होतो का, तर होतो, पण बेताचा. २०१७ मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात २६ चाचण्या एकत्र करून बघितल्या होत्या, नवीन कंबरदुखीत दुखणं १०० च्या मोजपट्टीवर साधारण १० नी कमी झालं. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सांगितलं की नव्या कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, अॅक्युपंक्चर, स्पायनल मॅनिप्युलेशन (म्हणजे हेच मणक्याला हाताने झटका देणं) यातलं काही करून बघा, कारण बहुतेकांचं तसंही काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. नाइस, म्हणजे ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था, म्हणते हाताचे उपचार चालतील पण व्यायामाला जोडूनच, एकटे नाही. आणि किरकोळ त्रास, म्हणजे दुखणं वाढणं, आखडणं, डोकं दुखणं, हे निम्म्याहून जास्त लोकांना होऊ शकतं, एक-दोन दिवस. आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही.

एक्सरे. सदाफुलीताई, तुमच्यासारख्या केसमध्ये नको. आणि हे मी फिजिओ म्हणून म्हणत नाही, अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच २०१७ च्या चूझिंग वाइजलीच्या (गरज नसलेल्या तपासण्या टाळा सांगणारी मोहीम) यादीत लिहिलंय की नव्या कंबरदुखीत धोक्याची चिन्हं नसतील तर पहिले सहा आठवडे कण्याचं इमेजिंग करू नका. तुमचे सहा आठवडे होऊन गेले असतील तरी नुसती तारीख उलटली म्हणून एक्सरे काढायचा असं नसतं, तपासणीत काही सापडलं तर काढायचा. तीस-पस्तिशीनंतर कोणाच्याही एक्सरेत काही ना काही दिसतंच, आणि एकदा ते कागदावर आलं की पेशंट त्याच्या भीतीनेच वाकायचा बंद होतो.

धोक्याची चिन्हं कोणती: लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पायातला जोर कमी होत जाणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, आधी कॅन्सर झालेला असणं, मोठा मार लागणं, बरीच वर्षं स्टिरॉइड्स. पहिल्या तिनांतलं एक जरी दिसलं तर कायरो नाही, फिजिओ नाही, सरळ इमर्जन्सी.

आणि मान. इथे मी कडक आहे. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन शिरा वर जातात, मान जोरात वळवून झटका दिल्यावर त्या शिरेच्या आतल्या अस्तराला चीर पडून स्ट्रोक झाल्याच्या केसेस नोंदल्या आहेत. फार क्वचित, आणि कार्यकारण सिद्ध करणं अवघड, कारण शीर आधीच फाटत असते तेव्हा मान आणि डोकं दुखतं आणि त्यासाठीच माणूस कायरोकडे जातो. कॅनडात ऑन्टारियोत २००८ मध्ये बघितलं तर फॅमिली डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांतही तसाच संबंध दिसला. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये मानेला हात लावण्याआधी पेशंटला या संबंधाची कल्पना द्या असं सांगितलं. माझं मत असं की तुमची कंबर दुखतेय, मान नाही, मग बोनस म्हणून मान मोडून घ्यायची काय गरज? आणि कधीही न झालेलं जबरदस्त मानेचं किंवा डोक्याचं दुखणं अचानक सुरू झालं, चक्कर, दोन दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळता न येणं, तोल जाणं, असं काही असेल तर ती मान कोणाच्याही हातात द्यायची नाही, दवाखान्यात जायचं.


पेठेतला

अवांतर, पण इथे विचारतो. पुण्यात हल्ली रील्समध्ये एकेक जण दिसतात, माणसाच्या हनुवटीखाली पट्टा अडकवून मान मागे खेचतात, माइक लावून आवाज रेकॉर्ड करतात, पेशंट रडतो मग हसतो, खाली लाखभर लाइक. आमच्या सोसायटीतले दोघं जाऊन आले. हे कायरो असतात का? फी बघून तर मलाच रडू आलं.


पीटी_कोथरूड

भारतात कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी सरकारी कौन्सिल नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो, तिथेच सगळी गोम आहे. परदेशातून पूर्ण डिग्री घेऊन इथे आलेले मोजके आहेत, ते वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास सांगितले होते. शनिवार-रविवारचं वर्कशॉप करून सर्टिफिकेट फ्रेम केलेल्या माणसाचे तास तुम्हीच मोजा. महाराष्ट्रात फिजिओला राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो मागायचा, लाजायचं काही नाही, आणि मेटलँड किंवा मलिगन या हाताने उपचार करायच्या पद्धती शिकलेला फिजिओ असेल तर सांधे मोकळे करायचं काम तोही करतो, फक्त माइक लावत नाही.

हनुवटीच्या पट्ट्याने मान खेचणं, आणि तेच सलूनमध्ये चंपी झाल्यावर कडाकड मान मोडून घेणं, दोन्ही माझ्या घरात बंद आहे. वडील ऐकत नाहीत ती गोष्ट वेगळी.


पेठेतला

चंपीनंतरची मान बंद म्हणजे जरा जास्तच होतंय ताई 😅 पण वाचलं, कळलं.


सदाफुली_एनजे

बापरे, एवढं येईल असं वाटलंच नव्हतं, सगळ्यांचे आभार.

आज लंच ब्रेकमध्ये त्या ४९ डॉलरवाल्यांना फोन केला. विचारलं एक्सरे नको असेल तर चालेल का, बाई म्हणाल्या आमच्याकडे सगळ्या नवीन पेशंटचा काढतातच, डॉक्टरांची पॉलिसी आहे. कोड विचारले तर म्हणाल्या ते आल्यावर सांगू. मग इन्शुरन्सच्या यादीतून दुसऱ्या एका ठिकाणी फोन केला, तिथे कायरो स्वतः फोनवर आली, म्हणाली पीसीपीने तपासलंय तर एक्सरेची मला गरज वाटत नाही, आधी बघते, मान नको असेल तर मानेला हात लावणार नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर मीच तुला परत पाठवीन. कोपेही, म्हणजे दर व्हिजिटला मी द्यायची रक्कम, तिथेच सांगितला. गुरुवारची वेळ घेतलीय. थेरपीची तारीख कॅन्सल केलेली नाही.

आता एक भलताच प्रश्न. आई उन्हाळ्यात येणार आहे, वय अडुसष्ट, तिला ऑस्टिओपोरोसिसचं इंजेक्शन चालू आहे आणि हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करायची गोळी. माझं ऐकून आता तिलाच मान दाखवायचीय, तिची मान आणि खांदा कायम आखडलेला असतो. पायाळूवरून गाडी एकदम कायरोवर आलीय. नेऊ का?


पीटी_कोथरूड

झटक्याच्या अॅडजस्टमेंटसाठी नाही. ठिसूळ हाडं आणि रक्त पातळ करणारी गोळी, दोन्ही एकत्र, म्हणजे फ्रॅक्चरचाही धोका आणि आत रक्तस्राव व्हायचाही. कोणी म्हणालं की आम्ही ज्येष्ठांना हलक्या हाताने करतो, तर हलक्या हाताने म्हणजे नक्की काय ते विचारा, झटका असेल तर नाही. मान-खांद्याला नाशिकमध्येच फिजिओकडे दाखवून घ्या निघायच्या आधी, व्यायाम शिकून येतील, तिकडे तुमच्यासमोर रोज करतील. खांदा वर उचलताच येत नसेल तर तो फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांधाच जाम झालेला, आहे का बघावं लागेल, डायबेटिस असेल तर तेही सांगा.

विमानात बारा-पंधरा तास बसून आल्यावर पहिले काही दिवस तसंही आखडतं, त्यात लगेच कुठे नेऊ नका. आणि गोळी कायरोसाठी किंवा कशासाठीही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांना दोनदा सांगा, कारण मोकळं व्हायचंय म्हणून गोळी दोन दिवस सोडते असं म्हणणारे पेशंट मी बघितलेत.

गुरुवारी तुम्ही त्या बाईंना एवढंच विचारा की घरी काय करू. व्यायाम लिहून दिले तर माणूस चांगला आहे. तोवर बसून राहू नका, दर तासाला उठून चक्कर मारा, शेक घ्या, वाकायला घाबरू नका, फक्त डबे एकावेळी एकच उचला.


डॅलसचा_दिन्या

घरी काय करू विचारल्यावर माझ्यावाल्याने मला तीन व्यायाम दिले होते, मी करत नाही तो भाग सोडा.


शंकासुर

म्हणून तर सबस्क्रिप्शन चालू आहे.


जर्सीचाजुना

आईसाठी एक पैशाचं सांगतो. व्हिजिटर इन्शुरन्स घेशील त्यात आधीपासून असलेल्या दुखण्याचं बहुतेक काही मिळत नाही, आखडलेली मान हे जुनंच दुखणं धरतील, आणि ऑस्टिओपोरोसिस तर कागदावर आहेच. त्यामुळे इथे फिजिकल थेरपीला नेलं तरी खिशातून जातील असं धरूनच चाल. नाशिकला दाखवून आण हे ताईंनी सांगितलं ते पैशाच्या बाजूनेही बरोबर. येताना औषधांची यादी जेनेरिक नावांनी, डॉक्टरच्या लेटरहेडवर, आणि हाडांच्या तपासणीचा शेवटचा रिपोर्ट बरोबर आणायला सांग, इकडे काही लागलंच तर पहिला प्रश्न तोच असतो.

आणि गुरुवारचं झालं की बिल आल्यावर ईओबीशी, म्हणजे कशाचे किती पैसे दिले ते सांगणाऱ्या इन्शुरन्सच्या कागदाशी, ताडून बघ. एक भाग केला असेल आणि ९८९४१ लावला असेल तर फोन कर, दुरुस्त करून देतात.